नातवाचे तळपाय

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत आमचा नातू नापास झाला, हे मला त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावरूनच कळले होते. तोंडाने त्याने ते सांगितले ताटावर बसल्यावर.

"तात्पुरता अनफिट म्हणालेत," तो पुटपुटला. "दोष दुरुस्त करून फेरतपासणीला यायचं. तीही एकदाच. आणि पुढच्या भरतीत माझं वय बसत नाही."

"दोष कसला?"

त्याने आईकडे पाहिले. माझ्या सुनेने पातेल्यात पाहिले.

"तळपाय. सपाट आहेत म्हणे."

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. प्रश्न समोर आला, की तो सुटेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्याची दिनचर्या आखली. शेजारच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगात सकाळ-संध्याकाळ अनवाणी चालणे, तळव्याखाली बाटली फिरवणे, पायाच्या बोटांनी टॉवेल उचलणे. एरवी हा मुलगा चहाची कपबशी उचलायलाही कुरकुर करतो. या वेळी त्याने हूं की चूं केले नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एकदा वाळूतून परतताना तो जिन्यातच मटकन बसला.

"काय रे?"

"ओढल्यासारखं दुखतं."

"कुठे?"

"पायातच," तो म्हणाला, आणि मी बाटलीचा व्यायाम दुप्पट केला.

मग त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावले, उमटलेला ठसा न्याहाळला आणि हसले. "आजी, ही कमान बघा. हिच्याखालून होडी जाईल!" मी ते तिथल्या तिथे लेखी घेतले. सैन्याच्या डॉक्टरांना डोळे नाहीत, असा माझा निष्कर्ष निघाला आणि तो मी घरात सर्वांना ऐकवला.

"आई," सून चाचरत म्हणाली, "तरी एकदा दुसरीकडे दाखवायचं का?"

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"नाही, काही नाही."

फेरतपासणीच्या दिवशी तू येऊ नकोस, असे नातवाने परोपरीने विनवले. मी अर्थातच गेले. लष्करी रुग्णालयाच्या लांबलचक बोळात बनियनवरची मुले भिंतीला टेकून उभी होती. आमची पाळी आली तशी मी त्याच्या आधी आत शिरले आणि गणवेशातील डॉक्टरीणबाईंसमोर तो कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, मग फाइल उघडली.

"पायांबद्दल आम्ही काहीच म्हटलेलं नाही, आजी." त्या नातवाकडे वळल्या. "ऑपरेशन झालं?"

त्याने मान खाली घातली.

"कसलं ऑपरेशन?" मी विचारले.

"सांगू का त्यांना?" बाईंनी त्याला विचारले. त्याने खालमानेनेच होकार दिला. "व्हेरिकोसील. डाव्या अंडकोषाच्या शिरा फुगल्या आहेत. फार वेळ उभं राहिलं, ओझं उचललं, की दुखतं. ऑपरेशन साधं असतं, सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तर मुदत देतो आम्ही. ती कुठे घालवलीत?"

"वाळूत," मी म्हणाले.

त्यानंतर मी माझा ठेवणीतला आवाज काढला. मुदत वाढवून द्या. मुलगा धावण्यात कुणाला हार जात नाही. हवे तर आत्ता मैदानावर पळवून पाहा.

"पाहिलंय मी त्याला पळताना," बाई म्हणाल्या. "म्हणून तर राग येतोय." आणि त्यांनी शिक्का मारला. अनफिट. या वेळी त्याच्या आधी 'तात्पुरता' नव्हते.

फाटकाबाहेर आल्यावर मी त्याला उभे केले. "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"हो."

"बापाला?"

"हो. बाबा म्हणाले, रजा काढतो, गुपचूप उरकून घेऊ. पण सकाळ-संध्याकाळ तू मला सोडलंस कुठे?"

"म्हणजे या घरात मीच तेवढी परकी!"

"आजी, तुला सांगितलं असतं ना, तर तू जिन्यात उभी राहून सगळ्या इमारतीला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं! आणि त्याच आठवड्यात तू टेबलावर असतास! अरे गाढवा, शीर फुगली म्हणून अब्रू जाते का?"

"हळू बोल ना."

"हळू बोलूनच ही वेळ आली आहे!"

फाटकाच्या आत पास झालेल्या मुलांना रांगेत उभे करत होते; तो गजांना धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. आयुष्यभर मी हुकूम सोडत आले, पण त्या पाठमोऱ्या पोराला काय फर्मावावे, ते मला सुचेना. शेवटी मी रिक्षा थांबवली आणि मूत्रविकारांच्या दवाखान्यात न्यायला सांगितले.

"आता कशाला? भरती गेली."

"भरती गेली. दुखणं गेलं का? बस."

दवाखान्यात खुर्ची रिकामी नव्हती. "काय त्रास आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारले. मी तोंड उघडले. पण नातवाने माझे मनगट धरले आणि स्वतःच सांगितले, दुखण्याच्या नावासकट, जागेसकट, इतक्या खणखणीत आवाजात, की समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतले.

"आता बोलतोस!" मी म्हणाले.