साबुदाण्याच्या डब्यातल्या गोळ्या

देवळाली कॅम्पातल्या सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात, अगदी वरच्या फळीवर, साबुदाण्याचा एक डबा होता. साबुदाणा नुसता वरवर. खाली चैतालीच्या गोळ्या. नाव कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून खोकं फाडून केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. मायबापहो, असा डबा आपल्यापैकी किती जणांच्या घरी असेल? मनाशीच उत्तर द्या, मोठ्याने नको.

चार वर्षांपूर्वी विसाव्या वर्षी चैतालीचं अक्षर बिघडलं. मग हात थरथरू लागला, जीभ जड झाली. दृष्ट काढून झाली, लिंबं उतरवून झाली, अखेर नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केलं. विल्सनचा आजार. आईबाप दोघांकडून नकळत आलेला, हजारो घरांत एखाद्याच घरी सापडणारा. अन्नातलं तांबं शरीराबाहेर जात नाही, यकृतात आणि मेंदूत साठत राहतं. "औषध जन्मभर, उपाशीपोटी," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी अजिबात नको."

औषधाला गुण आला. बोटं स्थिरावली आणि चैताली पुन्हा दत्तमंदिरात कीर्तनाला पेटीची साथ करू लागली.

अशात सायखेड्याचं स्थळ आलं. मुलगा अश्विन शांत, नोकरीला लागलेला. त्याची आई बयाबाई मोठी हौशी. बोलणी झाली त्या दिवशी तिने टोपलीतून लखलखता तांब्याचा हंडा काढला आणि चैतालीपुढे ठेवला.

"आमच्या घरात समदे ह्यातलंच पानी पित्यात. सकाळी उठलं की दोन गिलास! म्हनून तर माझा गुडघा बी दुखत नाय."

सुमनबाईंना डॉक्टरांचे शब्द आठवले. पण नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार! त्यांनी हंडा कपाळाला लावला आणि ओट्यावर ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी बयाबाईचा व्हिडिओ कॉल. "पेली का पानी, सूनबाई?" सुमनबाईंनी हंड्यातून भरून दिलेला पेला चैताली कॅमेऱ्यासमोर पिऊन दाखवायची. सोयरे कधीही येत, चहा-पोह्यांना बसवत. उपाशीपोटी गोळी घ्यायची तर कारण काय सांगणार?

"साखरपुड्यापर्यंत राहू दे गं गोळ्या," सुमनबाई म्हणाल्या. "आता बरी तर आहेस. दोन महिन्यांनी काय होतंय?"

जयराम, चैतालीचे वडील, जवानांचे गणवेश शिवत. त्यांनी मशीन थांबवली. "अगं, पण डॉक्टर म्हणाले होते की..."

"मुलगी उजवायची आहे ना तुम्हाला?"

जयरामांनी पुन्हा पायडल मारलं. थकले होते बिचारे. सगळेच थकले होते. आजार माणसाला थकवतो खरा, पण तो झाकताना माणूस पार गळून जातो.

साखरपुडा आठ दिवसांवर आला आणि दत्तमंदिरात सिंधुताईंचं तीन दिवसांचं कीर्तन लागलं. सिंधुताई सत्तरीच्या, आवाज अजून खणखणीत; चैतालीला पेटी त्यांनीच शिकवलेली. त्यांचं जेवणखाण नेहमी सुमनबाईंकडेच असे. दुसऱ्या दिवशी आख्यान रंगात आलेलं असताना चैतालीची बोटं पट्टीवरून घसरली. एकदा. पुन्हा एकदा. ताईंनी झांज उंचावून हसत सावरून घेतलं, "आज पेटीला उपास घडलाय वाटतं!" सगळा सभामंडप हसला. चैतालीने मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई न्याहारीला आल्या. सगळ्यांसमोर पिशवीतून गोळी काढून म्हणाल्या, "कपाळाला बुक्का आणि पोटात ब्लडप्रेशरची गोळी, मग माझी सकाळ होते. पाणी आण गं, चैताली."

चैतालीने हंड्यातून पेला भरला. चार पावलं टाकेपर्यंत निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

"किती दिवस झाले?" ताईंनी विचारलं.

"जागरणं झाली हो तिला," सुमनबाई घाईने म्हणाल्या.

"सुमन, चाळीस वर्षं पेटी कानाशी घेऊन उभी आहे मी. जागरणाने सूर मंदावतो. हा घसरतोय."

चैतालीने पेला खाली ठेवला. स्टुलावर चढली, वरचा डबा काढला आणि परातीत पालथा केला. पांढऱ्या साबुदाण्यात चंदेरी पाकिटं चमकली. जड जिभेने ती एकेक शब्द उचलत म्हणाली, "दोन महिने... बंद आहेत, ताई. मी दमले. मला... लपून बरं व्हायचं नाही."

ताईंनी आजारापासून हंड्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं. "सुमन, पेटीचा सूर अडकला तर आपण ती कारागिराकडे नेतो. रजई घालून झाकून ठेवतो का?"

"तुम्हाला बोलायला काय जातंय!" सुमनबाई उसळल्या. "तुमच्या पोटी मुलगी नाही! लग्न मोडलं तर?"

ताईंनी चैतालीचा हात हातात घेतला. "नाही मला मुलगी. पण हिची बोटं मी तयार केलीत. सासरी गेल्यावर ही गोळी कुठे घेणार? साबुदाण्याचा डबा आंदण देणार आहेस का? लग्न मोडलं तर पुन्हा जुळेल, नाही जुळलं तरी पोर जगेल. पण हात गेला, वाचा गेली, तर कोणता सोयरा परत आणून देणार?"

सुमनबाईंनी परातीकडे पाहिलं. लेक बरी व्हावी म्हणून त्यांनी उपास केले होते, आणि लेकीला वर्ज्य असलेलं पाणी त्यांनीच रोज भरून दिलं होतं!

तेवढ्यात फोन वाजला. "पेली का पानी, सूनबाई?"

सुमनबाईंनी फोन स्वतःकडे वळवला. "विहीणबाई, ती हे पाणी पिणार नाही." आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, डबा, काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही.

पडद्यावर बयाबाईच्या घराच्या छताचा नुसता पत्रा दिसत राहिला. मग फोन बंद झाला.

त्याच दुपारी चैतालीला नाशिकला नेलं; डॉक्टर रागावले, कधी नव्हे इतके. "औषध पुन्हा हळूहळू वाढवावं लागेल. हात पहिल्यासारखा होईल का, आज सांगता येत नाही." सुमनबाईंनी खाली मान घालून ऐकलं. चैतालीच्या धाकट्या भावाची, हर्षलची, तपासणी सुमनबाई भीतीपोटी टाळत आल्या होत्या. तीही त्याच दिवशी करून घेतली.

सायखेड्याहून तीन दिवस निरोप नाही. चौथ्या दिवशी बयाबाई दारात! सोबत सतरा-अठरा वर्षांची मुलगी, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले.

"ही छाया, माझ्या भावाची," बयाबाई उंबऱ्यातच म्हणाली. "तीन वर्सं झाली, हात कापतो, बोलनं कळत नाय. लय देवरुशी झाले. आमी बी तिला पाव्हन्यांपासून दडवलीच की हो! तुमी फोनवर बोलल्या अन् मला रातभर हीच दिसत राह्यली. तुमचा डाक्टर दावा."

"आणि सोयरीक?" सुमनबाईंनी कसंबसं विचारलं.

"ती मागून. आदी डाक्टरला इचारू, मग पोरं पोरं बोलतील. अश्विन रागावलाय, पर आजारावर नाय. लपवलं त्याच्यावर."

छायाला तेच दुखणं आहे की दुसरं, ते तपासणीत कळेल. चैतालीने स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. देताना तिचा हात थरथरला, घेताना छायाचाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि छायाने पहिल्यांदा ओढणीतून हात बाहेर काढले.

आता त्या डब्यात साबुदाणाच असतो. गोळ्या देवघरापाशी, समईशेजारी, नावासकट ठेवलेल्या असतात. मायबापहो, रक्तातून आलेला आजार हा कुणाचा गुन्हा नाही आणि औषध ही लाज नाही. लेकरू देवाच्या स्वाधीन करा, जरूर करा; पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याला उजळ माथ्याने घेऊ द्या!