ब्लू हेरॉनचा दरवान

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या ब्लू हेरॉन क्लबच्या दारात एमॉस टिलफर्ड सहा वर्षं उभा होता, पितळी गुंड्यांचा लाल कोट घालून. आत वाजवणारे, नाचणारे, वाढणारे सगळे त्याच्यासारखे काळे. दारूबंदीला न जुमानता चहाच्या कपातून जिन पिणारे सगळे गोरे. काळं माणूस पायरी चढलंच, तर त्याला माघारी धाडायचं, हे एमॉसचं काम. मालकाने त्यासाठी मुद्दाम काळाच दरवान ठेवला होता.

एकोणतीस सालच्या ऑक्टोबरात संध्याकाळी एक म्हातारी आली. डोक्यावर रविवारची हॅट, हातात फडक्यात बांधलेला मक्याचा पाव.

"पोरा, माझा लेम्युएल इथं ट्रम्पेट वाजवतो ना? जॉर्जियाहून आलेय त्याला ऐकायला."

"मावशी, आत जागा नाही."

तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं. एमॉसने दार उघडलं. म्हातारीने डोकावून पाहिलं.

"निम्मी टेबलं रिकामीच आहेत की रे."

"तुमच्या-माझ्यासाठी नाहीत, मावशी."

"आणि हे सांगायला तुलाच उभं केलंय होय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, कीव होती. तीच एमॉसला जास्त लागली.

ती समोरच्या न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. एमॉसने वेटरकरवी आत निरोप धाडला. मध्यंतरात लेम्युएल बाजूच्या लोखंडी जिन्यावर आला आणि आईकडे तोंड करून वाजवू लागला. आधी क्लबातली धून, मग गावच्या चर्चमधलं भजन. खिडक्या उघडल्या, रस्ता थबकला. म्हातारी उभी राहून डोलत होती.

मॅनेजर धावत आला. "रस्त्यावर फुकट वाजवायला ठेवलंय का तुला? उद्यापासून येऊ नकोस. एमॉस, क्लबचा कोट काढून घे याचा!"

एमॉसने त्याला दाराआड नेऊन कोट काढून घेतला. लेम्युएल पुटपुटला, "आईला कळू देऊ नकोस."

एमॉस रस्ता ओलांडून गेला. "मावशी, त्याला परत आत बोलावलंय."

"जाऊ दे, जाऊ दे. ते साहेब खूश झाले ना?"

"फार खूश झाले."

त्यानंतर एकाही मोठ्या क्लबने लेम्युएलला दारात उभं केलं नाही. तो गोदीत कोळसा वाहू लागला. ट्रम्पेट गहाण पडलं. जॉर्जियाला परतलेल्या आईला मात्र दर महिन्याला पत्र जायचं: मी मजेत आहे, रोज वाजवतो.

फेब्रुवारीत तो क्लबच्या दाराशी आला. गालफडं बसलेली, खिशात शेजारणीचं पत्र.

"आई गेली, एमॉस. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, माझा पोरगा हेरॉनमध्ये वाजवतो म्हणून."

"समाधानानं गेली रे."

"ती गेली समाधानानं. पण मातीला मी नव्हतो. तिकिटाला पैसे नव्हते, आणि ते सांगायचं कोणत्या तोंडानं? गाव म्हणतंय, न्यूयॉर्कच्या मोठ्या वाजंत्र्याला आईसाठी वेळ झाला नाही."

आपणच त्या बाईला पायरीवरून परतवलं, एवढंच एमॉसच्या डोक्यात घोळत राहिलं. तेवढ्यात गाडी थांबली. पाहुण्यांना आत सोडून तो वळला, तोवर लेम्युएल गेला होता.

दारूबंदी उठली त्या साली क्लबला टाळं लागलं. तोवर एमॉस तिथेच होता. गोदीत त्याने दोनदा लेम्युएलची चौकशी केली. कुणी म्हणालं, शिकागोला गेला. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं.