निरांजनाला उठून उभा राहिलेला काटा

इतवारीतल्या ईश्वरदास भांडेवाल्यांच्या गादीजवळ एक मीटर होता. मागच्या खोलीत भांड्यांवर निकेल चढवायचा हौद. त्याचा व्होल्टेज बसल्या जागी दिसावा, एवढंच त्या मीटरचं काम. पण हौदाची वीज थेट लाइनीवरून ओढलेली, म्हणून मीटरच्या तारांतून गादीपर्यंत झटका यायचा. बहात्तर साली अशाच एका झटक्याने ईश्वरदासांच्या मिशा ज्या उभ्या राहिल्या, त्या पोळ्यापर्यंत बसल्या नाहीत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या न्हाव्याला विचारा.

"मधात ट्रान्सफॉर्मर टाक ना बे," ते पोराला, जागेश्वरला, म्हणाले.

"बाबा, हे वीज एकाच दिशेनं चालते. ट्रान्सफॉर्मरले फक्त मागंपुढं झुलणारी समजते. मी तारेबिगर निरोप पोचवतो. पण जमलं तं समोरचा ओटा माह्या रेडिओच्या दुकानाले."

"अन् नाही जमलं तं जिंदगीभर गादीवर बसून गंज-पातेले विकजो!"

जागेश्वरने पावडरचा डबा घेतला, आतून आईचं काजळ फासलं. मधोमध बारका दिवा, आजूबाजूला उजेड ओळखणारे दोन डोळे. हौदाचा व्होल्टेज चढला की दिवा चढे. हौदाकडचा डोळा त्याला 'अजून, अजून, बस!' म्हणत मापात आणी. तोच उजेड पाहून गादीकडचा डोळा स्वतःच्या सेलवर मीटरचा काटा तेवढाच हलवी. दोन्ही बाजूंमध्ये तार म्हणून नाही, नुसता उजेड. काटा हौदामागे करवलीसारखा फिरू लागला, झटका गेला.

पण ओट्याचा निकाल लागला खंडेनवमीला. त्या दिवशी हौद बंद, हत्यारांना हळदकुंकू. गल्ली इतकी अरुंद की दुकानात भरदुपारी सांज. जागेश्वरच्या आई शोभाताई, त्यांनी डब्याचं झाकणच काढलं. "देवापुढं तोंड झाकून बसतेत काय?" म्हणत निरांजन ओवाळलं, आणि काटा ताडकन उठला.

"हौद बंद अन् काटा उभा!" ईश्वरदास गरजले. "खोटारडं आहे हे! चाल गादीवर."

"बाबा, ते निरांजनाचा उजेड पाहून राहिलं."

"मंग विझवून दाखव."

"खबरदार!" शोभाताई कडाडल्या. "नवमीचा दिवा विझवते काय कोणी?"

जागेश्वरने नुसतं झाकण लावलं. काटा झोपला. काढलं. उठला.

ईश्वरदासांनी डबा हिसकावला. लाव झाकण, काढ झाकण. गिऱ्हाइकं येऊन ताटकळली, तरी मान वर नाही.

"अहो, लोकं उभे आहेत!" शोभाताई म्हणाल्या.

"तेच तं! दिव्याआड उभे राहून डब्यावर सावली पाडून राहिले." ईश्वरदास पोराकडे वळले. "जागेश्वर, ओटा घे बापा. अन् या गिऱ्हाइकायलेही तिकडंच घेऊन जाय."