पुसलेल्या मडक्यांची आठवण

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही, तरी सांगते.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझ्या चकत्या घडल्या. त्या फिरू लागल्या की मला गुंगी येते. पांढरकवड्याच्या एका बियाणे केंद्रातल्या संगणकात मला बसवले, तेव्हा कपाशीचे दिवस वाईट होते. विकतचे बी दरवर्षी दगा देई. कोणत्या गावात कोणी गावरान कपाशीचे बी राख लावून मडक्यात जपले आहे, याची नोंद केंद्राच्या हंसाबाई माझ्यात ठेवत. शेकडो मडक्यांची छायाचित्रे पोटात घेऊन मी वर्षानुवर्षे घुमत राहिले. पुढे मी करकरू लागले, आणि नवी डिस्क आली.

हंसाबाई पूर्वी जिनिंगच्या गोदामात होत्या. तिथे कापसाच्या गाठी हलल्या की मागची जागा लगेच झाडायची पद्धत. त्यांनी माझ्याशीही तेच केले. एकेक गाव नव्या डिस्कवर गेले, की इथले पुसून टाकायचे.

काम अर्ध्यावर आले असता मुकुटबनचे बाबाराव दारात उभे राहिले. "बाई, औंदा मले गावरान पेराची हाये. पाऊस आलाच समजा. बी कोनाच्या घरी भेटन?"

हंसाबाईंनी नवी डिस्क उघडली. गावांची नावे होती, आत काहीच नव्हते. डिस्कच सदोष निघाली होती.

संगणक सांभाळणारे धम्मरत्न धावत आले. त्यांनी हलवाहलव तिथेच थांबवली. "बाई, उघडून न पाह्यता पुसलं काहून?"

"जागा झाडली नाही त माल दोनदा मोजला जाते जी!"

"हे गोदाम होय काय? आता याच्यावर एक अक्षर लिहू नका."

मित्रांनो, पुसले म्हणजे माझ्यातून लगेच जात नाही. वरची चिठ्ठी निघते. खालचे तसेच झोपून असते. त्यावर नवे लिहिले, तरच ते जाते. धम्मरत्नांनी मला दुसऱ्या संगणकाला जोडून हळूहळू चाळले. एकेक मडके जागे होत होते, आणि मला वाटत होते, मी झोपेत बोलते आहे. माझ्या झिजलेल्या भागातली नऊ गावे आलीच नाहीत. त्याचा दोष मी अजून स्वतःला देते.

शेवटी पेरणीपुरते बी असलेली नोंद आली, "भुरीबाई, दिग्रसजवळचा तांडा." छायाचित्राचा खालचा भाग करडा पडला होता.

"मडकं अर्धंच दिसते," बाबाराव हसले. "बी त पुरं असन नं?" आणि ते एसटी धरायला पळाले.

मग आवराआवर झाली. पोकळ नावे काढून सदोष डिस्क परत पाठवली. हरवलेल्या नऊ गावांना हंसाबाई स्वतः जाऊन आल्या. बदली डिस्क आल्यावर त्यांनी प्रत्येक नोंद उघडून पाहिली. मला मात्र कोणी पुसले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. नव्या घरी सारे धडपणे पोचले का, ते आधी पाहा. मगच जुने रिकामे करा.

संक्रांतीच्या सुमारास हंसाबाईंनी नव्या डिस्कबरोबर माझ्यातही एक नोंद लिहिली, "बाबाराव, मुकुटबन. गावरान कपाशी. मडके एक, काठोकाठ."