धोतराआडून आलेला उजेड

वडशाला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शालिकरामचं फोटोचं दुकान होतं. छपरात काचेची कौलं बसवलेली, मागे तळं आणि हंस रंगवलेला पडदा, आणि पडद्यापुढे एक खुर्ची. धानाचे व्यापारी, थंडीत नाटकं करत फिरणारे नट, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळे त्या खुर्चीवर बसून गेले होते. बसली नव्हती ती फक्त त्याची बायको, चंदाबाई.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर खोल वण राहिले. त्या वणांमुळे तिचं काही अडलं होतं असं नाही. बोलायला मोकळी, हसायला पुढे, गल्लीत कोणाचंही बाळंतपण असलं तर हिला आधी बोलावणं. फक्त कॅमेरा दिसला की पदर ओढून ती आत निघून जायची. शालिकरामनेही कधी आग्रह केला नाही.

पहिली निवडणूक होऊन गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं, सुगंधाचं लग्न ठरलं. जावई सिरोंच्याकडे जंगलखात्यात नाकेदार होता. सिरोंचा म्हणजे चांदा जिल्ह्याचं पार दुसरं टोक. नद्या भरल्या की वाट बंद, आणि गावात निम्मं बोलणं तेलुगूत. सुगंधा घाबरणारी नव्हती, पण एके दुपारी तिने बापाला दुकानात गाठलं.

"बाबा, मले मायचा फोटू पाह्यजे."

"तिलेच विचार ना वं."

"विचारलं. ती मणते, मेल्यावर काढा. आता तुमीच सांगा तिले. आन् इथी नाई काढाचा. त्या हंसापुढे माय मायसारखी नाई दिसत. चुलीपाशी काढा."

सैपाकाच्या खोलीला हातभर खिडकी होती आणि भिंती धुराने काळ्या झालेल्या. भर दुपारीही तिथे फोटोपुरता उजेड नसायचा. पण शालिकरामने नुकताच नागपूरहून फ्लॅश आणला होता. चकचकीत तबकडी, तिच्या मधोमध काचेचा बल्ब. बटण दाबलं की वीज चमकल्यासारखा लख्ख उजेड पडायचा आणि बल्ब कायमचा जळून जायचा. फ्लॅश वायरने कॅमेऱ्याला जोडलेला असल्यामुळे तो बाजूला धरता यायचा. समोरून मारला तर चेहरा ताटासारखा सपाट येतो, हे त्याला पहिल्याच फोटोत कळलं होतं.

सासरी निघालेल्या लेकीला चंदाबाईला नाही म्हणवेना. भाताचं गंज चुलीवर ठेवून ती बसली. शालिकरामने फ्लॅश डावीकडे धरला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, औषधाच्या पाण्यातल्या कागदावर तिचा चेहरा हळूहळू उमटला. शालिकरामचा हात थांबला. एकेका वणाचा काळा खड्डा झाला होता आणि प्रत्येकाला पांढरी कड आली होती. मागे भिंतीवर काळी, धारदार सावली. तो कागद कुठे लपवावा याचा विचार करत तो बाहेर आला, तर चंदाबाई चहा घेऊन दारातच उभी.

तिने फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

"असी दिसतो का मी?"

"नाई वं. उजेड वाईट आहे."

"उजेड कसा वाईट असन? उजेड तं आहे ते दाखवते." एवढं बोलून ती आत गेली. चहा शालिकरामच्या हातात निवत राहिला.

त्याला ते फार लागलं. वीस वर्षं हा चेहरा तो रोज पाहत होता, आणि कागदावर आलेली बाई त्याने कधीच पाहिली नव्हती. मग चूक कुठे झाली ती शोधून काढायलाच हवी होती. त्याने तबकडीवर रुमाल बांधला. पण चंदाबाईला पुन्हा बसवायचा धीर होईना, म्हणून चुलीच्या ओट्यावर एक कारलं ठेवलं. खडबडीत तर हवंच होतं. बल्ब उडाला, रुमालाला तपकिरी भोक पडलं आणि खोलीत जळका वास सुटला.

"माय, पाह्य ना! बाबा कारल्याचा फोटू काढून राह्यले!" सुगंधा ओरडली.

चंदाबाई हात पुसत आली. कारल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. शालिकरामचे कान तापले.

"कारलं माया जागी बसवलं का?" ती म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की तिने भिंतीचा आधार घेतला. सुगंधाही हसली, आणि शेवटी शालिकरामही.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "रुमाल लावून पाह्यला. उजेड कमी होते, पण आता बी भिंतीवर सावली तेवढीच धारदार पडली. काऊन ते समजत नाई."

चंदाबाईने जळका रुमाल उलटून पाहिला. मग म्हणाली, "अंगनात या."

अंगणात खाटेवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळत होत्या. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून चार कामट्या उभ्या करून तिने वर शालिकरामचं जुनं विरलेलं धोतर ताणून बांधलं होतं.

"हात घाला याच्या खाली."

त्याने हात घातला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण धोतराखाली हाताची सावली जेमतेम होती, आणि तिला कडच नव्हती. हातावरच्या शिरा, सुरकुत्या दिसत होत्या, पण मऊ.

"रुमाल तुमी दिव्याले चिकटवला," चंदाबाई म्हणाली. "मी धोतर दूर बांधलं. आन् ते मोठं बी आहे."

शालिकरामने हात बाहेर काढला, पुन्हा आत घातला. एवढ्याशा बल्बातून उजेड येत होता म्हणून तो टोचत होता. तोच मोठ्या कापडावर पसरून आला, तर चारी अंगांनी येईल.

संध्याकाळपर्यंत त्याने कामट्यांची चौकट बांधून तिच्यावर धोतर ताणलं. चंदाबाई या वेळी आपणहून बसली. चौकट त्याने तिच्या डाव्या हाताला, फोटोत येणार नाही एवढी जवळ उभी केली आणि फ्लॅश कापडामागे बराच दूर धरला. काळजी म्हणून धोतराची घडी दुहेरी घेतली आणि कॅमेऱ्याचं उजेड आत घेणारं भोकही हवं त्याहून जास्तच उघडलं.

फोटो आला तेव्हा तो धावतच घरात गेला. कागदावरच्या चेहऱ्यावर एकही वण नव्हता. गाल गुळगुळीत, कपाळ स्वच्छ. चंदाबाई तो घेऊन खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"देवी आल्या नसत्या तं मी असी दिसली असती," ती हळूच म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं, नवल होतं. "चांगली दिसते बाई."

"मंग हाच देऊ सुगंधाले?"

तिने मान हलवली. "नाई. ही कोन ते सुगंधाले समजनार नाई. तिची माय मी आहो. कापड एकेरी करा."

शालिकरामने कापड एकेरी केलं, भोक बेताचं ठेवलं. बटण दाबताना सुगंधा दाराआडून कारल्याबद्दल काहीतरी बोलली आणि चंदाबाईच्या ओठांवर हसू आलं. त्या फोटोत वण होते, पण सारवलेल्या भिंतीवरच्या खरबरीतपणासारखे मऊ. पाहणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जायची, मग हसण्यावर. सुगंधाने तो फोटो छातीशी धरला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

लग्न झालं, सुगंधा सिरोंच्याला गेली. त्याच फोटोची एक प्रत दुकानात लावायची का, असं शालिकरामने भीतभीतच विचारलं. "लावा," चंदाबाई म्हणाली.

थोड्या दिवसांनी गावच्या तळ्यावर मासोळ्या धरणाऱ्यांच्या वस्तीतली सुकरी बाजारातून परतताना दुकानापुढे थांबली. डोक्यावर रिकामी टोपली, चेहऱ्यावर देवीचे दाट वण. ती त्या फोटोकडे पाहत राहिली, आत येईना. शालिकरामने आतल्या दाराकडे हाक दिली. चंदाबाई बाहेर आली, सुकरीची टोपली उतरवून घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"घाबरू नको वं," ती म्हणाली, "डोये मिटू नको फक्त." आणि धोतराची चौकट उचलून ती स्वतःच खुर्चीच्या डाव्या हाताला धरून उभी राहिली.