खडकामागची मालकीण

समुद्र घरात मांडून धाकटा स्वतः समुद्रावर निघून गेला, असं ताई लोकांना हसून सांगायची. ऐकणारेही हसायचे. पण गोष्ट खरीच होती. बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथे शिलाई मशीन असायचं तिथे, चार फुटी काचेची टाकी होती. तिच्यात खारं पाणी, खडक, मऊ बोटं हलवत बसलेलं एक समुद्रफूल, आणि त्या फुलात बिऱ्हाड केलेली क्लाउनफिशची जोडी. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. यांच्यात मादी मोठी आणि नर लहान. धाकट्याने मादीचं नाव ठेवलं मालकीण, आणि नराचं घरजावई. म्हणायचा, काम ना धाम, बायकोच्या घरात राहतो आणि शेपटी हलवून होला हो करतो.

मग त्याला जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी लागली. जाण्याआधी त्याने बहिणीला सगळं शिकवलं. बादलीत मीठ किती कालवायचं, पाणी किती दिवसांनी बदलायचं, खारेपणा मोजायची ती बोटाएवढी दुर्बीण डोळ्याला कशी लावायची. हे शेवटचं तिला शिकवायची गरज नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. केसाइतकी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे. "मी येईपर्यंत या दोघांना सांभाळ," म्हणाला. तेव्हा ठरलं होतं एक वर्ष. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

मधे दोनदा तो येऊन गेला. दोन्ही वेळा बॅग दारातच टाकून, पायातले बूटही न काढता, आधी टाकीपुढे जाऊन बसला. ताईच्या मनाने तेवढंच घट्ट धरून ठेवलं. देव प्रत्येकाच्या हाती कसली ना कसली दोरी देतो, आणि माणूस ती धरून दिवस काढतं. ताईच्या हातात ही टाकी होती. जोडी आहे तोवर भाऊ येणार, असा तिचा सरळ हिशेब. कुणी विचारलं असतं तर तिने तो कबूल केला नसता, ही गोष्ट वेगळी.

आणि आठ महिन्यांपूर्वी मालकीण गेली. सकाळी ताई खाणं टाकायला गेली, तर ती तळाच्या वाळूवर आडवी. पाणी ठीक होतं, मीठ ठीक होतं. वय झालं असेल, असं बुडबुडेकाका म्हणाले. हे काका शोभेच्या माशांचे दुकानदार. दिवसभर दुकानातल्या बुडबुड्यांच्या आवाजात बसून त्यांना घरीही ओरडून बोलायची सवय लागली होती, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव.

धाकट्याला तिने सांगितलं नाही. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि फोनवरून टाकी दाखवावी लागायची. ताई फोन अशा बेताने धरी की फुलातला घरजावई तेवढा दिसावा. मालकीण कुठाय, असं त्याने विचारलं की म्हणायची, बसलीय खडकामागे. एक खोटं पाळलं की त्यालाही माशांसारखं वेळच्या वेळी खाऊ घालावं लागतं. ताईने ते आठ महिने न चुकता घातलं.

अशात एका रविवारी तो म्हणाला, वीस तारखेला येतोय. दोन वर्षांनी येत होता. फोन ठेवल्यावर ताईने आधी देवापुढे हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाच तिला घाम फुटला. येईल, टाकीपुढे बसेल, मग काय दाखवायचं?

गुरुवारी काम सुटल्यावर ती काकांच्या दुकानात गेली. काकांनी विचारलं, घरचा केवढा आहे? म्हणाली, लहान आहे, नर. बायको जाऊन आठ महिने झाले त्याच्या. काका म्हणाले, मग जुन्यापेक्षा लहानच न्या. पण ताईची नजर कोपऱ्यातल्या टाकीतल्या एका मोठ्या माशावर खिळली होती. त्याचा मधला पट्टा डाव्या अंगाला थोडा तुटलेला होता. थेट मालकिणीसारखा. काकांनी पुढे काही सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी ताईने पर्स उघडली होती.

घरी आल्यावर तिने काही म्हणून चुकवलं नाही. मासा असलेली पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडच्या पाण्याची ऊब सारखी व्हावी. मग बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं, चांगला तासभर. दिवे मालवले. नव्या सुनेला उंबरा ओलांडायलाही एवढा वेळ कुणी देत नसेल. मग तिने पाहुणीला हळूच पाण्यात सोडलं आणि वाट बघत बसली. आता घरजावई येईल, शेपटी हलवेल, होला हो करेल.

घरजावई फुलातून बाहेर आला, आणि आला तो थेट अंगावरच. पाहुणी खडकाआड गेली, तिथून पंपामागे गेली, तिथूनही त्याने तिला हुसकलं. सकाळी पाहिलं तर तिच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या. ताईने तिला कसंबसं जाळीत धरलं, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घातलं आणि डबा टाकीतच टांगला. कामावर त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवलं.

ताईने कळवलं म्हणून शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून काका स्वतः घरी आले. ताईनेच भिंगं घासून दिलेला चष्मा नाकावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, तुमचा घरजावई कुठाय यात?"

"तो काय, फुलात."

"तो कसला घरजावई? ही मालकीण आहे."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. या माशांची रीतच अशी. घरातली मादी गेली की मागे राहिलेला नर वाढू लागतो, आणि काही महिन्यांत तोच मादी होतो. पुन्हा कधी मागे फिरत नाही. देवाची करणी, दुसरं काय. तेव्हा आणायचं ते लहान, जे समोर नमतं घेईल. तुम्ही आणली दुसरी मालकीण. एका फुलात दोघी कशा नांदतील?

ताईने काचेला बोटं लावून मापून पाहिलं. खरंच, मासा दीडपट झाला होता. दुसऱ्यांच्या डोळ्यांची भिंगं घासणारी ती, आठ महिने रोज दोन वेळा समोर बसून तिला हे दिसलं नव्हतं. ती म्हणालीही तसं. काका जाता जाता म्हणाले, रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही बाई, आईलासुद्धा दिसत नाही. चिंध्या शेपटीची पाहुणी त्यांनी पिशवीत घालून परत नेली.

रविवारी फोन आला तेव्हा ताईने फोन टाकीकडे वळवलाच नाही. स्वतःच्याच तोंडासमोर धरला.

"मालकीण गेली रे. आठ महिने झाले. मी खोटं बोलत होते."



"मला वाटलंच," तो म्हणाला. "इतके महिने खडकामागे कोण बसतं, ताई?"

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मग त्याला सगळं सांगितलं, काकांचं बोलणंही. घरजावयाची मालकीण झाली हे ऐकून तो खो खो हसला. मग गप्प झाला. लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर तो असाच गप्प व्हायचा.

अडखळत सांगू लागला. वीसला येतोय ते बारा दिवसांसाठी. मग जहाज सोडणार. तिकडच्याच एका बंदरात गोदीत काम मिळालंय, खोलीही बघितलीय. एकटा राहणार नाहीये, एक मुलगी आहे, तिचा फोटो घरी आल्यावर दाखवीन. कधीचं सांगायचं होतं. "पण तू बादल्या उचलून उचलून माझी टाकी सांभाळतेस, मग जीभ रेटेना. आता देऊन टाक ती कुणाला तरी. किती वर्षं वाहशील माझं ओझं?"

ताई टाकीकडे बघत होती. मिठाच्या पाण्याने तिच्या बोटांच्या पेरांना बारीक भेगा पडल्या होत्या. फूल हलत होतं. फुलातला तो, नव्हे ती, निवांत बसली होती. कुणी येवो न येवो, घर चाललं होतं.

"तुझ्या तिला जेवण खारट चालतं का बेताचं, ते विचारून ठेव," ताई म्हणाली. "आणि टाकी मी देत नाही."

सोमवारी ती पुन्हा दुकानात गेली. या वेळी तिने काकांनाच निवडू दिलं. त्यांनी दिला तो मासा नखाएवढा, पट्टेही अजून पुरते न उमटलेला. तिने टाकीतले दोनतीन खडक हलवले, म्हणजे आताच्या मालकिणीने आपला हक्काचा कोपरा थोडा विसरावा. बाळाला तीन दिवस भोकांच्या डब्यात ठेवलं, म्हणजे दोघांनी एकमेकांना बघून घ्यावं. चौथ्या दिवशी सोडलं.

मालकीण आली. बाळ पळालं नाही. आडवं झालं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरलं, थंडी भरल्यासारखं. मालकिणीने त्याला एकदा ढकललं. ते पुन्हा समोर येऊन थरथरलं. कुणी शिकवलं असेल याला हे शरण जाणं? तिसऱ्यांदा ती वळली आणि फुलात गेली. बाळ तिच्यामागे गेलं. फुलाच्या कडेला, अगदी बाहेरच्या बोटाशी, टेकलं. तिने राहू दिलं.

रविवारी ताईने फोन टाकीसमोर सरळ धरला. धाकटा कितीतरी वेळ बघत होता.

"नाव काय ठेवलंस?"

"ठेवलं नाही."

"अगं, मग हाक काय मारतेस?"

"अरे ए म्हणते. येतो तेवढ्यावर." तिने पदराने काचेवरचा पाण्याचा ओघळ पुसला. "नाव तू आल्यावर ठेव. बारा दिवस आहेत, एखादं तर सुचेल."