एक विरुद्ध

भामाबाईंनी उजव्या हाताचा पंजा उघडला आणि प्रोसिडिंगच्या वहीवर ठेवून दिला.

ग्रामसेवक शिवशंकर सह्यांसाठी वही पुढं सरकवत होता, ती तिथंच अडली. बाकीचे आठ सदस्य समोशांच्या ताटाकडं वळले होते. सभा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती आणि बोरतळी ग्रामपंचायतीच्या नव्या रिवाजाप्रमाणं ती संपलीही होती.

"हितं काय लिवलंय?" भामाबाईंनी विचारलं.

"सर्वानुमते मंजूर."

"मी तर न्हाई म्हनले."

शिवशंकरनं पेनाचं टोपण चावलं. "त्याचं असंय मावशी, वही कालच लिहून ठेवली. सभेत लिहीत बसलं तर लई वेळ जातो."

यात लबाडी काही नव्हती. निवडणुकीत हणमंतरावांच्या पॅनलनं गाव झाडून नेलं होतं. सरपंच ते स्वतः, शिवाय नऊ सदस्यांपैकी आठ त्यांचे, आणि नवव्या एकट्या भामाबाई. अशा सभेत काय ठरणार हे देगलूरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या परक्या माणसालाही सांगता आलं असतं. मग बिचाऱ्या शिवशंकरनं आदल्या दिवशीच निवांत बसून, सुवाच्य अक्षरात, सूचक-अनुमोदकाच्या नावांसकट वही का लिहू नये?

हणमंतराव मात्र खुशीत हसले. माणूस दिलदार होता, आणि आठ माणसं पाठीशी असली की दिलदारपणा अंगाला शोभूनही दिसतो.

"खोड रे शिवशंकर. 'बहुमताने मंजूर, एक विरुद्ध' असं लिव्ह. आन् पहिला चहा विरोधी पक्षाला दे. लोकशाही हाय."

सगळे हसले. पहिला कप भामाबाईंपुढं आला आणि त्या दिवसापासून तोही रिवाज पडला.

भामाबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या एकाच कामासाठी. बावीस वर्षं त्यांनी गुरुवारच्या आठवडी बाजारात मिरच्या विकल्या होत्या. सकाळी सातला पोतं पसरायचं ते दिवे लागेपर्यंत. पुरुष माणसं गावठाणाच्या भिंतीमागं जाऊन येत. बायकांना जागाच नव्हती, म्हणून बाजाराच्या दिवशी बोरतळीच्या बायका पाणीच पीत नसत. वैशाखातसुद्धा. शेजारची कोथिंबीरवाली एकदा पाल्यावरच भोवळ येऊन पडली होती, तेव्हा भामाबाईंनी मनाशी गाठ मारली. बाजाराच्या मैदानावर बायकांसाठी मुतारी बांधायची. कागदावर तिचं नाव 'महिला स्वच्छतागृह' पडणार होतं, तर पडो.

पण ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा द्यायला एक अनुमोदक. अनुमोदक नसला तर ठराव मताला येतच नाही. भामाबाई दर महिन्याला उभ्या राहत, ठराव मांडत. शिवशंकर विचारी, "अनुमोदक?" आणि पॅनलचे सदस्य वर पंख्याकडं बघू लागत. गावात नुकताच पंखा आलाय असंच वाटावं. त्यांच्यातली कस्तुराबाई तेवढी पंख्याकडं न बघता पदराच्या काठाकडं बघायची. तिची नणंद बाजारात वांगी घेऊन बसायची.

"त्यांना मुतारी नको हाय व्हय?" एका रविवारी सकाळी भामाबाईंनी फोनवर लेकीला विचारलं. महामाया कॅनडात, विनिपेगला नर्स होती. तिकडं शनिवारची रात्र, ती नुकतीच ड्युटीवरून येऊन सूप ढवळत होती.

"हवी असंल माय. पण पॅनलच्या बाहेर हात वर कसा करायचा? इथंबी असंच हाय." महामायाला हा विषय आवडायचा, दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बाया राजकारणावरच भांडत. "एका पक्षाचं बहुमत आलं ना, की विरोधकांना सरकार पाडता येत न्हाई, कायदा अडवता येत न्हाई. समित्यांतबी सरकारचीच माणसं जास्त. माझ्या आवडीच्या पक्षाचे मागं सातच निवडून आले. बाराच्या खाली असले की सभागृहात पक्ष म्हणून धरतच न्हाईत."

"सात असून? मी तर एकलीच हाय."

"आन् काही जण तर उठून सरळ सरकारच्या बाकावर जाऊन बसतात."

"मलाबी बोलावलंय सरपंचानं. म्हनले, इकडं या, नऊच्या नऊ होऊ." भामाबाई हसल्या. "मग तिथले विरोधक करतात काय? घरी जातात?"

"प्रश्न विचारतात. सभागृह भरतं तेव्हा रोज पाऊण तास नुसते प्रश्न. आन् सगळं लिहून ठेवतात, शब्दन्‌शब्द. खरं सांगू का माय, लई पंचाईत विरोधकांची न्हाई. सरकारच्या मागच्या बाकावर बसतात त्यांची हाय. त्यांना प्रश्न पडला तर विचारायचा कुणी?"

भामाबाईंनी फोन ठेवला आणि मिरच्यांचे देठ खुडता खुडता बराच वेळ तेवढ्या एकाच वाक्याचा विचार केला.

पुढच्या सभेत त्यांनी ठराव मांडला नाही. प्रश्न विचारला. "बाजारात बायकांनी जायचं कुठं? सरपंचांनी उत्तर द्यावं, आन् ते वहीत यावं." हणमंतराव म्हणाले, "विचाराधीन आहे." वहीत आलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. पाचव्या महिन्यात तर हणमंतरावच घड्याळ बघून म्हणाले, "चला, भामाबायचा प्रश्न होऊन जाऊ द्या, समोसे गार होऊन राहिले."

आणि मग एका दुपारी कस्तुराबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात आली. ताक हे निमित्त होतं, हे तांब्यालाही कळलं असतं.

"भामाक्का, आमच्या गल्लीत पंधरा दिवस झाले, नळाला पानी न्हाई."

"मग इचार की सभेत."

"मी कसं इचारू? पॅनलची हाय ना मी." कस्तुराबाईनं उंबऱ्याकडं बघत आवाज खाली आणला. "तुमी इचारा ना."

भामाबाईंनी विचारलं. चार दिवसांत पाणी आलं. आठवड्यानं साहेबराव आले, तेही पॅनलचेच. शाळेकडच्या खांबावरचा दिवा बंद होता. मग तिसरं कुणी रेशनचं घेऊन आलं. भामाबाईंच्या ओसरीवर सत्ताधाऱ्यांची अशी वर्दळ सुरू झाली की शेजारीण म्हणाली, विरोधी पक्षात तर लई माणसं झाली की तुमच्या. सगळ्यांचे प्रश्न भामाबाई मन लावून विचारत आणि सगळ्यांची कामं होत. त्यांचा स्वतःचा ठराव तेवढा पंख्याला लटकून राहिला होता. याचं त्यांना वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. गुरुवारी बाजारात गेल्या की बायकांच्या सुकलेल्या ओठांकडं त्यांना बघवत नसे.

असंच एका सोमवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. हणमंतराव एकटेच होते.

"जयभीम, भामाबाय. चहा मिळंल का?"

नऊच्या नऊ व्हायला बोलवायला आले असणार, असं समजून भामाबाईंनी नकार जिभेवर तयार ठेवला आणि चहा टाकला. हणमंतरावांनी बशीत चहा ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"बाजाराच्या मैदानावर गाळे बांधायचे म्हनतेत. तालुक्याच्या सायबांचा मानूस हाय ना, अण्णाराव, त्येला काम पाहिजे. बाजार गावाबाहेर हालवा म्हनतो, नाल्याकडं."

"आन् बाया नाल्यात बसतील?"

"मला पटलंय व्हय ते? अर्धं गाव त्या बाजारावर जगतंय. पन न्हाई म्हनायला तोंड न्हाई. सायबांनी पॅनल निवडून आनलं. आधीच्या सरपंचापाशी चार विरोधक व्हते. काय नको असलं की तो हात जोडायचा, सायेब, माझी लई विच्छा हाय, पन हे चौघं ऐकत न्हाईत. मी काय सांगू? आठ मानसं माझी! सायेब म्हनतेत, तुला अडचन कसली?"

भामाबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पदरात धरलं. एवढा मोठा विजय आणि माणसाला एक बहाणा मिळू नये!

"मंग माझ्याकडनं काय पाहिजे?"

"तुमी वरडा. जोरात वरडा. अण्णाराव सभेला येनार हाय उद्या."

"मी वरडीन. आन् शिवशंकर लिवील, 'बहुमताने मंजूर, एक विरुद्ध'. मंग मला पहिला चहा." भामाबाई चुलीपुढून उठल्या. "सरपंच, वरडून मैदान वाचत न्हाई. त्या मैदानावर आधी दुसरा ठराव पाहिजे. मुतारीचा. सूचक मी. अनुमोदक द्या."

हणमंतरावांनी बशी उचलली. चहा एका घोटात संपवून ते उठले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णाराव दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. शिवशंकरनं मागचं इतिवृत्त वाचलं. गाळ्यांचा विषय यायच्या आधीच भामाबाई उभ्या राहिल्या. आवाज कापला तर कापू दे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"बाजाराच्या मैदानावर, पिंपळाकडच्या अंगाला, महिला स्वच्छतागृह बांधावं आन् बाजार तिथंच ठेवावा, असा ठराव मी मांडते."

"अनुमोदक?" शिवशंकरनं विचारलं.

पंखा फिरत होता. सात जण त्याच्याकडं बघत होते. साहेबरावांनी घसा खाकरला, खुर्ची मागं सारली, अंगरख्याची बाही नीट केली. पण ते उठायच्या आत पलीकडून बांगड्या वाजल्या.

कस्तुराबाईचा हात वर होता. चांगला सरळ, कोपरापासून ताठ.

"मी हाय," ती म्हणाली. "अनुमोदक. माझी नणंद गुरुवारी दिवसभर पानी पीत न्हाई. मी कवापासून बघून राहिले." एवढं बोलून ती लालबुंद झाली, पण हात खाली आला नाही.

साहेबराव अर्धवट उठलेले तसेच उभे राहिले. काय करावं ते न कळून त्यांनीही हात वर केला. मग एक, मग आणखी एक. बघता बघता आठ हात झाले आणि नववा भामाबाईंचा.

हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. तो इतका जोरात मारला की अण्णारावाची पिशवी मांडीवरून घसरली.

"बघितलं का अण्णाराव? घरचीच मानसं फिरली! सायबांना जाऊन सांगा, सरपंचाचा कडाडून इरोध व्हता. माझा इरोध हाय ह्या ठरावाला, उघड हाय!"

अण्णारावानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, पिशवी उचलली आणि चहा न घेताच तो निघून गेला. गाळ्यांचा विषय त्याच्यामागं आपोआपच बारगळला.

शिवशंकरनं वही पुढं केली. "सह्या करा, मावशी."

भामाबाईंनी वाचलं. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, शाई कधीच वाळलेली. महिला स्वच्छतागृहाचा ठराव. सूचक: भामाबाई. अनुमोदक: साहेबराव. सर्वानुमते मंजूर.

त्यांनी मान वर करून हणमंतरावांकडं बघितलं. हणमंतराव पंख्याकडं बघत होते.

भामाबाईंनी पंजा उघडला आणि वहीवर ठेवला.

"खोडा."

"आता काय खोडू?" शिवशंकर रडकुंडीला आला. "तुमच्याच मनासारखं झालं की, मावशी!"

"साहेबराव खोडा, तिथं कस्तुराबाई लिवा. तिनं आपल्या मनानं हात वर केलाय, तिचं नाव ऱ्हायला पाहिजे." शिवशंकरनं खोडलं. कस्तुराबाई टाचा उंचावून आपलं नाव उमटताना बघत होती. "आन् ते 'सर्वानुमते' बी खोडा. सर्वानुमते कुठं झालंय? बहुमताने मंजूर, एक विरुद्ध. त्या एकाचं नाव घाला. सगळ्यांसमोर बोललेत ते."

शिवशंकरनं सरपंचांकडं बघितलं. हणमंतरावांनी मुकाट मान हलवली. मिशीखाली हसू लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मिशी तेवढी दाट नव्हती.

इतक्यात चहाची किटली आली. रिवाजाप्रमाणं पहिला कप भामाबाईंपुढं ठेवला गेला. त्यांनी तो दोन बोटांनी धरून टेबलावरून हणमंतरावांपुढं सरकवला.

"तुमी घ्या सरपंच," त्या म्हणाल्या. "आज इरोधात तुमीच हाव."